स्थळ पसंत आहे का?

लग्नाच्या बाबतीत 'स्थळ' म्हणजे माणूस आणि संमेलनाच्या बाबतीत जागा. घोळ मात्र दोन्हीकडे सारखाच. ऑफिसच्या ऑफसाइटचं ठिकाण ठरवायचं काम ज्यांच्या गळ्यात कधी पडलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. लोणावळा की अलिबाग, बस की आपापल्या गाड्या, व्हेज किती, नॉनव्हेज किती... आणि एवढं करून शेवटी 'रिसॉर्ट ठीक होतं, पण मजा नाही आली यार' हे ऐकून घ्यायचं.

आता समजा पाहुणे तुमच्या ऑफिसातले नाहीत. ते रेल्वे म्युझियमवाले आहेत. कुणी जुनी ट्राम दुरुस्त करतो, कुणी वाफेचं इंजिन चालवतो, कुणी गावाकडची १५ किलोमीटरची लाइन तिकिटांच्या पैशावर कशीबशी जिवंत ठेवलीय. या मंडळींना स्विमिंग पूल दाखवून उपयोग नाही. त्यांना बॉयलर बघायचाय.

अमेरिकेत या मंडळींची संमेलनं गेली कित्येक वर्षं भरताहेत. १९६१मध्ये तिथं असोसिएशन ऑफ रेल्वे म्युझियम्स सुरू झाली. टुरिस्ट रेल्वे चालवणाऱ्यांची वेगळी संघटना होती. पुढे दोघांचं लग्न लागलं आणि आज त्यांचा एकत्र संसार हेरिटेजरेल अलायन्स या नावानं चालतो. दरवर्षी कॉन्फरन्स, दरवेळी नवं गाव, आणि यजमान त्या भागातली म्युझियम्स. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिली अडचण अशी की, चांगली रेल्वे म्युझियम्स बहुतेकदा भलत्याच ठिकाणी असतात.

त्यालाही कारण आहे. ही म्युझियम्स सरकारनं आखून-रेखून उभारलेली नाहीत. शहरातल्या ट्राम भंगारात निघाल्या तेव्हा काही वेड्या पोरांनी वर्गणी काढून एखादी विकत घेतली आणि मग डोकं खाजवलं, की आता ही ठेवायची कुठे! मेन राज्यातलं सीशोअर ट्रॉली म्युझियम १९३९मध्ये असंच सुरू झालं, १५० डॉलरला घेतलेल्या एका उघड्या ट्रामपासून. इलिनॉय रेल्वे म्युझियमची सुरुवात १९५३ची, तीही एकाच डब्यावर. आधी ते एका फाउंड्रीच्या आवारात होतं. पसारा वाढला तशी १९६४मध्ये त्यांनी युनियन नावाच्या छोट्या गावात जागा घेतली. शिकागोपासून शंभरेक किलोमीटर, आजूबाजूला शेतं. जमीन स्वस्त होती, म्हणून म्युझियम तिथं. आता तिथं शेकडो डबे-इंजिनं आहेत, पण दोनशे पाहुण्यांना उतरवायचं तर हॉटेल दुसऱ्या गावात आणि मध्ये बसच्या फेऱ्या. बसचं भाडं यजमानाच्या वहीत.

म्हणून स्थळ बघताना पहिला प्रश्न असतो, आसपास अजून काय आहे? या बाबतीत काही ठिकाणं म्हणजे एकदम उच्चकुलीन. पेनसिल्व्हेनियातल्या स्ट्रासबर्गला १८३२ची सनद असलेली रेल्वे आहे आणि रस्त्याच्या पलीकडे राज्याचं रेल्वे म्युझियम. स्क्रँटनला स्टीमटाउन हे राष्ट्रीय वारसास्थळ आणि ट्रॉली म्युझियम एकाच आवारात. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोचं म्युझियम तर जुन्या शहरातच, म्हणजे हॉटेलातून चालत जा. अशा ठिकाणी आयोजकांचं अर्धं काम देवानंच करून ठेवलंय.

मग दरवर्षी तिथंच का नाही भेटत? कारण अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसरा किनारा साडेचार हजार किलोमीटरवर आहे, आणि यातले बरेच जण स्वयंसेवक आहेत. कंपनी तिकीट काढून देत नाही. रजा स्वतःची, पैसे स्वतःचे. संमेलन कायम पूर्वेकडे भरवलं तर पश्चिमेची माणसं येणारच नाहीत, आणि मग हळूहळू 'आपले' आणि 'त्यांचे' असे गट पडतात. (मुंबई-पुणे वादात मुरलेल्या वाचकांनी इथं फक्त मान हलवावी.)

दुसरा घोळ तारखेचा. अशा रेल्वेगाड्यांची कमाई ठरावीक दिवसांतच होते. उन्हाळ्याची सुट्टी, पानं रंगतात ते शरदातले वीकएण्ड आणि डिसेंबरच्या ख्रिसमस गाड्या. पाहुण्यांना यायचं असतं ते नेमकं तेव्हाच, सगळं चालू असताना, सगळं सुंदर दिसत असताना. आणि यजमानाला तेव्हा पाहुण्यांसाठी एक डबासुद्धा मोकळा नसतो. गल्ल्यावर भर गर्दीच्या वेळी मित्र गप्पा मारायला आले, तर दुकानदाराचं जे होईल तेच. त्यामुळे बऱ्याचदा संमेलन सीझनच्या कडेला ढकललं जातं. फोटो थोडे कमी चांगले येतात, पण यजमान माणसात असतो.

आणि आता मुद्द्याची गोष्ट, यजमान. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात घर आवरून ठेवतात, तशी इथंही यजमान म्हणून पुढे येणाऱ्या म्युझियमची इच्छा असते की, पाहुणे येतील तेव्हा सगळं चकाचक हवं. 'आमचं मोठं इंजिन सध्या खोललंय, दोन वर्षांनी या!' हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येणार. माझं स्पष्ट मत आहे, खोललंय तेव्हाच जावं.

का ते सांगते. १९९५मध्ये पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गजवळ एका टुरिस्ट गाडीच्या इंजिनाचा बॉयलर दगा देऊन गेला आणि फूटप्लेटवरचे तिघं भाजले. बॉयलरमधलं पाणी धोक्याच्या पातळीखाली गेलं होतं. त्यानंतर नियम नव्यानं लिहिले गेले आणि २०००पासून ते लागू झाले. त्यानुसार वाफेचं इंजिन १४७२ दिवस चाललं की, किंवा १५ वर्षं झाली की (जे आधी होईल ते), पूर्ण उघडून आतून तपासायचं. त्यामुळे १४७२ हा आकडा या जगात आपल्याकडच्या 'कलम ४२०'सारखा आहे, काय ते सांगावं लागत नाही. हे काम खर्चिक, किचकट आणि वर्षानुवर्षं चालणारं. ते प्रत्येक म्युझियमला करायचंच आहे. आता मला सांगा, लांबच्या राज्यातून आलेल्या माणसाला काय उपयोगाचं? रंगवलेलं इंजिन झुकझुक करत गेलेलं, की नळ्या काढलेला उघडा बॉयलर, आणि तो उघडणारा माणूस समोर उभा, 'इथं आमचं चुकलं, तुम्ही असं करू नका' म्हणणारा? स्ट्रासबर्गला पाहुणे जातात ते नुसते गाडीत बसायला नाही. तिथलं वर्कशॉप दुसऱ्यांची इंजिनंही दुरुस्त करून देतं, म्हणून जातात.

अर्थात, वर्कशॉप कितीही भारी असलं तरी हॉटेलवाला कुणाचा नसतो. मोठ्या संमेलनासाठी खोल्यांचा ब्लॉक धरावा लागतो, आणि ठरलेल्या प्रमाणात खोल्या भरल्या नाहीत तर फरक आयोजकानं भरायचा, असं कलम करारात सर्रास असतं. गावातल्या हौशी म्युझियमचं वर्षाचं बजेट एवढंसं. एक वाईट संमेलन, आणि पुढच्या छपराचे पैसे गेले. म्हणून सही कुणाची, यजमानाची की मध्यवर्ती संघटनेची, हा प्रश्न जागेपेक्षा मोठा आहे. माझ्या मते लहान यजमानाला तोट्याच्या भीतीतून मोकळं केलं, तरच लहान गावं पुढे येतील. नाहीतर मग पुन्हा तीच चार शहरं.

मॉडेल रेल्वेवाल्यांचं बघा. त्यांची नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन १९३५मध्ये मिलवॉकीत जन्मली, म्हणून २०१०मध्ये पंचाहत्तरी मिलवॉकीतच. २०१९ला ते सॉल्ट लेक सिटीला गेले, कारण त्याच यूटा राज्यात प्रोमोंटरीला १८६९मध्ये दोन किनाऱ्यांकडून आलेली रेल्वे जोडली गेली होती, त्याला १५० वर्षं झाली. मुहूर्त बघून स्थळ ठरवण्यात आपण एकटेच नाही! २०२०चं सेंट लुइसचं संमेलन कोविडमुळे रद्द झालं, तर २०२२ला ते पुन्हा सेंट लुइसलाच भरवलं. ज्यांची तयारी वाया गेली त्यांनाच पुढची संधी. याला म्हणतात शब्द पाळणं.

यजमान आणि जागा एकच असायला हवी का, याचं उत्तर मात्र अमेरिकेत शोधायला नको. आपल्या मराठी साहित्य संमेलनाची स्थळ निवड समिती दरवर्षी गावोगाव जाऊन बघते, मांडव कुठे, राहायची सोय काय, निमंत्रक संस्थेत दम किती. २०१५चं संमेलन पंजाबात घुमानला झालं, २०२५चं दिल्लीत, आणि दोन्ही वेळा निमंत्रक होती पुण्याची 'सरहद'. म्हणजे मुलगा पुण्याचा, मांडव दिल्लीत. चाललं की!

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली पॅसेंजर गाडी गेली. १४ डबे, ४०० निमंत्रित, ओढायला ३ इंजिनं, ३४ किलोमीटर. २०२८मध्ये त्याला १७५ वर्षं होतील. जगभरच्या रेल्वे म्युझियमवाल्यांना बोलवायला याहून चांगला मुहूर्त कुठला? अशी निमंत्रणं दोन-तीन वर्षं आधी द्यावी लागतात, म्हणजे स्थळ बघायला आत्ताच निघायला हवं.

तर बघूया. मुंबई? सीएसएमटीसारखी इमारत पाहुण्यांना दुसरीकडे कुठे मिळणार! २००४पासून जागतिक वारसा यादीत, आणि आत छोटंसं हेरिटेज संग्रहालयही आहे. पण पहिल्या दिवशीच्या त्या ३ इंजिनांपैकी एकही उरलेलं नाही. चालू स्थितीतल्या जुन्या इंजिनांत जगभर नाव असलेली 'फेअरी क्वीन' १८५५ची, ती हावड्याकडची आणि तिचं घर आता हरियाणात रेवाडीला. घाटात मालगाड्या ओढणारं आपलं विजेचं इंजिन, ज्याच्या चमत्कारिक आवाजामुळे मुंबईकरांनी त्याला 'खेकडा' नाव ठेवलं होतं, त्यातलं 'सर लेस्ली विल्सन' बघायचं तर दिल्लीला चाणक्यपुरीत, १९७७ला सुरू झालेल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जावं लागतं. म्हणजे लग्न आमच्याकडे आणि दागिने शेजारणीचे.

नागपूर? मोतीबागला २००२पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. सातपुड्यातल्या छोट्या गाड्यांची ब्रॉडगेज झाली, त्यामुळे जे उरलंय ते तिथंच. मला हे स्थळ मनापासून आवडतं. आणि एप्रिलमधलं नागपूर... असो. पाहुण्यांना जिवंत परत पाठवायचंय.

नेरळ-माथेरान मात्र विचार करण्यासारखं आहे. १९०७ची दोन फुटी लाइन, वर माथेरानात मोटारींना बंदी, आणि एप्रिलमध्ये पावसाचा अडथळा नाही. २०१९च्या पावसात लाइन वाहून गेली आणि २०२२च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. ती कशी उभी केली, दरड कुठे कोसळते, दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज भाग बंद का ठेवतात, हे सांगणारा माणूस नेरळला पाहुण्यांसमोर उभा केला, तर हाच आपला उघडा बॉयलर. गाडी चिमुकली आहे, तेव्हा पाहुण्यांना तुकड्या-तुकड्यांनी न्यावं लागेल. चालेल. तेवढ्यात बाकीच्यांना नेरळ स्टेशनवर वडापाव.

पण यजमान कोण? खरी गोची इथं आहे. आपल्याकडची बहुतेक रेल्वे संग्रहालयं रेल्वेचीच. एखादा उत्साही अधिकारी येतो, जीव तोडून काम करतो, आणि त्याची बदली होते. आज निमंत्रण देणारा माणूस २०२८ला त्या खुर्चीत असेलच असं नाही, आणि पुढचा साहेब फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेणार. अमेरिकेतल्या म्युझियमात जमिनीपासून पैशांपर्यंत सगळ्याची मारामार असते, पण वीस वर्षं तोच माणूस दर शनिवारी येऊन तोच डबा घासत असतो. अशा माणसाला यजमान म्हणतात.

तसं घर आपल्याकडे एक आहे, पुण्यात कोथरूडला. भाऊसाहेब जोशी यांनी छंदातून उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १९९८मध्ये सुरू झालं आणि ते सरकारी नाही, जोशी कुटुंबाचं आहे. एका हॉलमध्ये अख्खं शहर, सिग्नल, गाड्या, सगळं चालतं. मोठं संमेलन तिथं मावणार नाही, पण 'सरहद'चा फॉर्म्युला आहेच. जागा रेल्वेची, आणि निमंत्रण अशा हौशी माणसांच्या एखाद्या संस्थेचं, जिची कुठे बदली होत नाही. रेल्वेनं डबे, लाइन आणि परवानग्या द्याव्यात. पत्रव्यवहार, पाहुण्यांची याद्या आणि हॉटेलवाल्याशी भांडण संस्थेनं करावं. पुणेकरांना हे जमेल असं वाटतं, विशेषतः शेवटचं.

कार्यक्रमही सुचवून ठेवते. पहिला दिवस सीएसएमटी आणि ठाण्यापर्यंतचा प्रवास, मग दोन दिवस नेरळ-माथेरान, शेवटी कोथरूड. आणि संस्था स्थापन झाली की तिनं पहिलं पत्र म्युझियमवाल्यांना नाही, मध्य रेल्वेला लिहावं. कॅलेंडर बघितलंय मी. १६ एप्रिल २०२८ला रविवार आहे. ठाण्याच्या लाइनवर त्या दिवशी मेगाब्लॉक नको, म्हणावं.