सावकाश ऐकला गेलेला अल्बम

फेब्रुवारी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या मर्ज रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने ‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ या बँडचा दुसरा अल्बम काढला. ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ हे त्याचे नाव. पहिल्या खेपेला ५,५०० सीडी आणि १,६०० रेकॉर्ड छापल्या गेल्या. याच बँडचा आधीचा अल्बम जेवढा गेला त्याहून थोडा जास्त हा जाईल, एवढीच अपेक्षा होती. ‘पिचफोर्क’ या इंटरनेटवरच्या संगीतपत्रिकेने दहापैकी ८.७ गुण दिले, ‘रोलिंग स्टोन’ने तीन तारे. परीक्षणे वाईट नव्हती; पण काही विलक्षण घडले आहे असे त्यांतून जाणवत नव्हते. सात वर्षांनी, २००५ मध्ये, ‘पिचफोर्क’ने त्याच अल्बमचे नव्याने परीक्षण केले आणि दहापैकी दहा गुण दिले. अल्बमातला एक सूरही या काळात बदललेला नव्हता. बदलले होते ते ऐकणारे. हा बदल कसा झाला ते नीट पाहायला हवे, कारण नव्या अल्बमचे भवितव्य पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकण्याची घाई आज परीक्षकांना आहे, कंपन्यांना आहे आणि श्रोत्यांनाही आहे.

दुसरा अल्बम अवघड असतो, हे रॉक संगीतात नेहमी बोलले जाते आणि त्याचे कारणही साधे आहे. पहिल्या अल्बमातली गाणी माणसाने कोणी पाहत नसताना, पाच-सात वर्षे घोळवून केलेली असतात. दुसऱ्यासाठी वर्ष-दीड वर्ष मिळते, आणि तेही सगळे पाहत असताना. ‘वीझर’ या बँडचे उदाहरण याच काळातले. १९९४ चा त्यांचा पहिला अल्बम प्रचंड खपला. १९९६ मध्ये ‘पिंकर्टन’ आला, तो अधिक खडबडीत, अधिक खासगी. गेफेनसारखी मोठी कंपनी पाठीशी असूनही बिलबोर्डच्या यादीत तो एकोणिसाव्या क्रमांकाच्या वर गेला नाही, आणि गायक रिव्हर्स क्वोमो पुढे काही वर्षे त्या अल्बमबद्दल लाज वाटावी तसे बोलत राहिला. नंतरच्या पिढीने ‘पिंकर्टन’ डोक्यावर घेतला. पण तोवर बँडने आपला मार्ग बदलून टाकला होता.

न्यूट्रल मिल्क हॉटेलवर असे दडपण नव्हते, कारण त्यांच्या दुसऱ्या अल्बमची कोणी फारशी वाटच पाहत नव्हते. बँडचा कर्ता जेफ मँगम लुइझियाना राज्यातल्या रस्टन या लहान गावातला. रॉबर्ट श्नायडर, बिल डॉस, विल कलन हार्ट हे त्याचे तिथले मित्र. ही मुले घरच्या घरी गाणी ध्वनिमुद्रित करायची, एकमेकांना कॅसेट द्यायची, गावातल्या विद्यापीठाच्या रेडिओवर जे कानावर पडेल ते गोळा करायची. पुढे कोणी डेन्व्हरला गेले, कोणी जॉर्जियातल्या अथेन्सला; पण ‘एलिफंट सिक्स’ या नावाखाली त्यांचा गोतावळा टिकला. एकाच्या बँडमध्ये दुसरा वाजवणार, तिसरा ध्वनिमुद्रण करणार, चौथा मुखपृष्ठ करणार, असा तो कारभार होता. मँगमचा पहिला अल्बम ‘ऑन एव्हरी आयलंड’ १९९६ मध्ये आला तो असाच, श्नायडरच्या मदतीने चार ट्रॅकच्या टेपवर केलेला.

त्या सुमारास मँगमने ॲन फ्रँकची रोजनिशी वाचली. आपल्याकडेही मराठी अनुवादातून हे पुस्तक कितीतरी घरांत पोचले आहे, त्यामुळे त्याचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. ॲमस्टरडॅममध्ये दोन वर्षे दडून राहिलेली, १९४५ च्या सुरुवातीला बेर्गन-बेल्सनच्या छावणीत मेलेली पंधरा वर्षांची मुलगी त्याच्या मनातून जाईना. आपण दिवसचे दिवस रडत होतो, काळात मागे जाऊन तिला वाचवता येईल का अशी स्वप्ने आपल्याला पडत होती, असे त्याने १९९८ मध्ये एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले. हा अल्बम त्या दुःखातून आला. मात्र तो ॲनचे चरित्र नाही, इतिहासही नाही. तिचा मृत्यू, मँगमचे स्वतःचे बालपण, मोडकी घरे, देह, भुते, येशू, सगळे त्यात एकमेकांत मिसळलेले आहे. कोण कोणाशी बोलते आहे हे बऱ्याचदा कळत नाही. पहिल्यांदा ऐकणारा गोंधळतो आणि त्याचा गोंधळ रास्त असतो.

ध्वनीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ‘साधा, घरगुती अल्बम’ असे त्याचे वर्णन वारंवार केले जाते आणि ते बरोबर नाही. १९९७ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरमध्ये श्नायडरच्या पेट साउंड्स स्टुडिओत तो तयार झाला. गाभ्याला मँगमची साधी, हातवळणी ॲकूस्टिक गिटार आणि वरच्या पट्टीत ताणून, जवळजवळ फाटेल अशा बेताने लावलेला आवाज. भोवती मात्र मोठा लवाजमा आहे. ज्युलियन कॉस्टर गजाने करवत वाजवतो. तिचा लांबट, थरथरता सूर बाईच्या गळ्यासारखा भासतो. स्कॉट स्पिलेनची पितळी वाद्ये गावजत्रेतल्या बँडसारखी किंचित बेसूर, पण छाती भरून वाजतात. जेरेमी बार्न्सचा ड्रम धावत सुटतो. कुठे ॲकॉर्डियन, कुठे आयरिश बॅगपाइप. श्नायडरने यंत्रांची पातळी मुद्दाम इतकी चढवली की इलेक्ट्रिक गिटार नसलेल्या जागीही आवाज करपल्यासारखा खरखरीत व्हावा. ‘हॉलंड, १९४५’ हे गाणे ऐकताना स्पीकर बिघडला की काय असे वाटते. तो बिघाड नाही. कानठळ्या बसवणाऱ्या आनंदात एका मरणाची गोष्ट सांगायची, हा त्या गाण्याचा निर्णय आहे. दुसऱ्या टोकाला ‘ओ कमली’. आठ मिनिटांचे हे गाणे मँगम नुसते चाचणीसाठी म्हणायला बसला आणि अख्खे गाऊन गेला. शेवटी पलीकडच्या खोलीतून स्पिलेनच्या तोंडून सुटलेला आश्चर्योद्गार दबका ऐकू येतो. तो त्यांनी पुसला नाही. आमच्या मते या अल्बमचे ते पहिले परीक्षण.

मग १९९८ मधल्या श्रोत्यांना हे कळले नाही का? काहींना लगेच कळले. छोट्या सभागृहांतल्या कार्यक्रमांत लोक रडत असत, याच्या आठवणी अनेकांनी पुढे सांगितल्या आहेत. पण त्या दशकातल्या इंडी रॉकचा स्वभाव निराळा होता. थोडे अंतर ठेवून, खांदे उडवून, आपल्याला फारसे काही वाटत नाही अशा थाटात गाणे ही तेव्हाची प्रतिष्ठित रीत होती. अशा वेळी एक माणूस अल्बमच्या दुसऱ्याच गाण्यात घसा फोडून येशूवर प्रेम असल्याचे सांगतो, आणि वर गीतांच्या कागदावर आपण हे मनापासून म्हणत आहोत असे नोंदवतो. परीक्षकांपैकी कित्येकांना याचे काय करावे ते सुचले नाही. त्यांचा दोष फार मानू नये. दोन-चार वेळा ऐकून, ठरलेल्या तारखेला मजकूर द्यायचा असतो. हा अल्बम तेवढ्यात हाती येणारा नाही.

त्याला पुढची वर्षे मिळाली याचे मोठे श्रेय कंपनीच्या आकाराला आहे. मर्ज ही १९८९ मध्ये मॅक मकॉन आणि लॉरा बॅलन्स या दोघांनी सुरू केलेली कंपनी. दोघेही ‘सुपरचंक’ या बँडचे कलाकार. मोठ्या कंपनीचे गणित असे असते: कलाकाराला आगाऊ रक्कम द्यायची, जाहिरात, व्हिडिओ, रेडिओ यांवर खूप खर्च करायचा आणि त्यातला बराच भाग कलाकाराच्या मानधनातून वळता करून घ्यायचा. असा अल्बम पहिल्या काही महिन्यांत उचलला गेला नाही तर कंपनी त्याच्यावरून हात काढून घेते. लहान कंपन्यांत अनेक ठिकाणी खर्च वजा जाता उरलेला नफा निम्मा निम्मा वाटला जातो. मुळात खर्चच कमी, त्यामुळे काही हजार प्रती गेल्या तरी कोणी बुडत नाही, आणि छापलेले संपले की पुन्हा छापायला हरकत नसते. मर्जने हा अल्बम बाजारातून कधीच उठू दिला नाही. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण ते झाले नसते तर पुढचे काहीच झाले नसते.

मग तो पसरत गेला. १९९९ नंतर गाण्यांच्या फाइली एकमेकांना पाठवणे सोपे झाले. कॉलेजच्या वसतिगृहात एकाने दुसऱ्याला ऐकवायचे, दुसऱ्याने सुट्टीत घरी जाऊन धाकट्या बहिणीला. माँट्रियलच्या ‘आर्केड फायर’ने २००४ मधला आपला पहिला अल्बम मर्जकडे दिला, त्यामागे न्यूट्रल मिल्क हॉटेल ज्या कंपनीचे तिथेच आपण असावे ही ओढ होती. याच आर्केड फायरच्या ‘द सबर्ब्स’ला २०११ मध्ये वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. २००८ मध्ये, म्हणजे प्रकाशनाला दहा वर्षे झाल्यावर, अमेरिकेत त्या वर्षी सर्वाधिक खपलेल्या व्हिनाइल रेकॉर्डींत ‘एरोप्लेन’ सहावा होता. डिसेंबर २०१४ मध्ये स्टीव्हन कोलबेअरने आपला गाजलेला दूरचित्रवाणी कार्यक्रम संपवला तेव्हा शेवटी ‘हॉलंड, १९४५’ वाजले. कोलबेअरचे वडील आणि दोन भाऊ १९७४ मध्ये विमान अपघातात गेले होते. एका अनोळखी मुलीच्या शोकातून निघालेले गाणे दुसऱ्या कुणाच्या घरातल्या शोकाला असे उपयोगी पडते. या अल्बमला लोकांनी जवळ केले ते असे, एकेकट्याने.

याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मात्र हा वृत्तांत प्रामाणिक होणार नाही. दुसऱ्या अल्बमचे ओझे मँगमवर तो अल्बम केल्यानंतर आले. १९९८ च्या दौऱ्यात लोक त्याच्याकडे गाण्यांचा अर्थ मागू लागले, मग जगण्याचा अर्थ मागू लागले. आर.ई.एम.सारख्या मोठ्या बँडच्या कार्यक्रमाआधी गाण्याचे निमंत्रण त्याने नाकारले. वर्षअखेरीस बँड थांबला, आणि मँगम जवळजवळ दिसेनासा झाला. बल्गेरियातल्या कोप्रिव्हश्टित्सा इथल्या लोकसंगीत महोत्सवात त्याने केलेली ध्वनिमुद्रणे २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. पण लोकांना बल्गेरियातले गाणे नको होते, तिसरा अल्बम हवा होता. अल्बमच्या शेवटी तो गिटार खाली ठेवतो आणि उठून जातो, त्याचा आवाज ध्वनिमुद्रणात आहे. चाहत्यांनी त्यालाही निरोप ठरवले. २००३ मध्ये अटलांटाच्या एका साप्ताहिकाच्या पत्रकाराने त्याचा माग काढायचा प्रयत्न केला, तेव्हा मी म्हणजे कल्पना नव्हे, माणूस आहे आणि मला एकटे राहू द्या, अशा आशयाचे उत्तर त्याने पाठवले.

आम्हाला हे उत्तर पूर्णपणे योग्य वाटते. दहापैकी दहा गुणांत गाण्यांचे किती आणि गायकाच्या मौनाचे किती, हेही विचारायला हवे. नाहीसा झालेला कलावंत ही गोष्ट ऐकायला गोड असते आणि तिचा रंग गाण्यांवर चढतो. आमचे मत असे की ‘हॉलंड, १९४५’ आणि ‘ओ कमली’ यांना त्या रंगाची गरज नाही; मँगम दर वर्षी एक अल्बम काढत राहिला असता तरी ती गाणी एवढीच थोर ठरली असती. ‘कम्युनिस्ट डॉटर’सारख्या लहान गाण्याला मात्र दंतकथेने त्याच्या वजनापेक्षा जास्त भाव मिळवून दिला आहे. अल्बम न आवडणारेही पुष्कळ आहेत. त्यांना तो आवाज सहन होत नाही, शब्द उगाच गूढ वाटतात. त्यांना अरसिक ठरवण्याची सवय चाहत्यांनी सोडावी. इतक्या उघड्या, ताणलेल्या आवाजाला कोणी ना कोणी नको म्हणणारच.

२०११ पासून मँगम पुन्हा एकट्याने गाऊ लागला. त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये आंदोलकांसमोरही तो गायला. २०१३ ते २०१५ या काळात पूर्ण बँडचा दौरा झाला. छायाचित्रे आणि चित्रीकरण करायला मनाई होती. सभागृहांत बरेचसे श्रोते असे होते, की अल्बम निघाला तेव्हा ते शाळेतही जात नव्हते. २०२३ मध्ये मर्जने बँडचे सगळे काम एका संचात आणले. तिसरा अल्बम त्यात नाही, आणि तो मागण्याचा कोणाचाही हक्क नाही.

ज्यांनी यातले काहीच ऐकलेले नाही त्यांनी थेट ‘एरोप्लेन’कडे न जाता आधी ‘ऑन एव्हरी आयलंड’ ऐकावा. त्यात गाणी चांगली आहेत, पण कडा धूसर आहेत, आणि शेवटचा तेरा-चौदा मिनिटांचा घुमणारा तुकडा संयम पाहतो. मँगमचा गळा तिथेही तोच आहे. त्यानंतर दुसरा अल्बम लावला की कॉस्टर, स्पिलेन आणि बार्न्स खोलीत आल्याने काय झाले ते पहिल्या पाच मिनिटांत कळते.