अटकेच्या कागदावर न्यायालयाचे नाव हवे

प्रति,
माननीय अध्यक्ष,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, शिवाजीनगर, पुणे

महोदय,

अटक झाली की २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते, हे राज्यघटनेने बांधून दिले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नुसार अटकेची आणि माणूस कुठे ठेवला आहे याची खबर नातेवाइकांना द्यावी लागते. मात्र खटला कुठल्या न्यायालयाचा आणि जामीन कुणाकडे मागायचा, हे सांगण्याचे बंधन त्यात नाही. खडकवासल्याहून शिवाजीनगरला धावणाऱ्या आईबापांना नेमके तेच हवे असते. ही माहिती अटकेच्या सूचनेवरच मराठीत लिहून मिळावी, एवढीच माझी मागणी आहे.

सिंहगड रस्त्यावर गाडीला गाडी घासली आणि हाणामारी झाली, असे धरू. साधी दुखापत असेल तर गुन्हा अदखलपात्र, वॉरंटशिवाय अटकच नाही. घातक हत्याराने दुखापत झाली तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ३ वर्षांपर्यंत कैद देऊ शकतात, मुख्य न्यायदंडाधिकारी ७ वर्षांपर्यंत. त्याच भांडणात खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागले की खटला सत्र न्यायालयाचा. शांततेला धोका म्हणून नुसती प्रतिबंधक कारवाई झाली, तर शहर हद्दीत सहायक पोलीस आयुक्तांपुढे आणि ग्रामीण हद्दीत तहसीलदारांपुढे उभे राहावे लागते. खडकवासला २०२१ मध्ये महापालिकेत आले, पण सिंहगडाच्या बाजूची गावे ग्रामीण पोलिसांकडे आहेत. म्हणजे हा फरक इथल्या लोकांना दोनचार किलोमीटरवर भेटतो.

खरा गोंधळ याच्या पुढचा आहे. सत्र न्यायालयाच्या गुन्ह्यातही पहिला रिमांड बहुधा दंडाधिकारीच देतात. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात मात्र काही अपवाद सोडता त्यांना जामीन देता येत नाही. तो अधिकार सत्र न्यायालयाचा. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज फेटाळला गेला की घरच्यांना निकालच लागल्यासारखे वाटते. आणखी एक गोष्ट वेळेवर कळायला हवी. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. पण तो मागावा लागतो. मागण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले की तो हातचा जातो. न्यायालयांबद्दलचा हाच गोंधळ गाजलेल्या प्रकरणातही दिसला. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर 'कोर्टाने निबंध लिहायला लावून सोडले' असे सगळे शहर म्हणत होते. गाडी चालवणारा अल्पवयीन असल्याने तो आदेश बाल न्याय मंडळाचा होता. प्रौढ आरोपींचा खटला सत्र न्यायालयात गेला. लोकांचा संताप मला रास्त वाटतो, पण दाद कुठे मागायची हे ठाऊक असते तर त्याला दिशा मिळाली असती.

हे सांगायला वकील आहेत, असे कुणी म्हणेल. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे, हे मला मान्य आहे. पण ज्याला तो हक्कच ठाऊक नाही, तो मागणार कसा? तपासात कलमे बदलतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणूनच कागदावर तारीख घालून 'आजच्या कलमांनुसार' असे लिहावे आणि कलम वाढले की नवा कागद द्यावा. पोलिसांवरचा बोजा म्हणाल, तर अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात बजावले आहे. कागद तयार करावा लागणारच आहे. संहितेच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक कलमासमोर न्यायालयही छापलेले आहे. ते फक्त उतरवून घ्यायचे.

आपण शहराचे पोलीस आयुक्त आणि ग्रामीणचे पोलीस अधीक्षक या दोघांनाही असा एकच नमुना पाठवावा: हजर करण्याचे न्यायालय व वेळ, खटल्याचे न्यायालय, जामिनाचा अर्ज कुठे करायचा, आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा मदत क्रमांक. सुरुवात खडकवासल्याच्या दोन्ही बाजूंच्या पोलीस ठाण्यांपासून करता येईल.

आपला नम्र,
खडकवासल्यातील एक रहिवासी