नाव नसलेला ताप

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमधील खेड्यापाड्यांतून तापाने फणफणलेली, झटके येणारी, काही तासांतच शुद्ध हरपणारी मुले रुग्णालयांत दाखल होऊ लागली, तेव्हा एक जुने नाव पुन्हा बातम्यांत आले : चांदिपुरा. जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी ८२ दगावले. प्रयोगशाळेने चांदिपुरा विषाणूचे शिक्कामोर्तब केलेले रुग्ण मात्र ६४. उरलेल्या १८१ जणांना काय झाले होते, हा प्रश्न मृतांच्या आकड्यांच्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

हे नाव नागपूरकडचे. १९६५ मध्ये तेथे तापाची साथ चालू असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, दोन रुग्णांच्या रक्तातून एक अनोळखी विषाणू वेगळा केला. त्या विषाणूने नेमका कोणता आजार होतो, हेच धड ठाऊक नसल्याने पुढील जवळजवळ चाळीस वर्षे तो संग्रहात पडून राहिला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली व १८३ दगावली. नमुन्यांतून वाढविलेला विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिसला आणि शोधाची दिशा ठरली. १९६५ चा तो ‘निरुपयोगी’ विषाणू जपून ठेवला नसता, तर जुळवून पाहायचे तरी कशाशी? विषाणूंचे संग्रह सांभाळण्यावर होणारा खर्च ज्यांना अनाठायी वाटतो, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंची ओळख पटविणे हे वेळेचे गणित आहे. ताप आल्यानंतरचे पहिले पाच-सात दिवस विषाणू रक्तात सापडू शकतो. त्या काळात आरटी-पीसीआर चाचणीने त्याची जनुकीय खूण शोधता येते, किंवा डेंगीच्या बाबतीत ‘एनएस-१’ हे प्रथिन. साधारण पाचव्या दिवसापासून शरीरात प्रतिपिंडे दिसू लागतात आणि मग एलायझा चाचणी कामाची ठरते. नमुना कोणत्या दिवशी घेतला हे कागदावर लिहिलेले नसेल, तर ‘निगेटिव्ह’ या अहवालाला काहीच अर्थ उरत नाही. चांदिपुराच्या बाबतीत तर दाखल झाल्यापासून एक-दोन दिवसांतच मूल हातचे जाते. प्रतिपिंडे तयार व्हायला शरीराला उसंतच मिळत नाही.

दुसरी अडचण भाऊबंदकीची. डेंगी, झिका, जपानी मेंदूज्वर आणि माकडताप हे चारही विषाणू एकाच कुळातले. त्यामुळे एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीतही हात वर करतात. संशय फेडायचा, तर जिवंत विषाणू पेशींवर वाढवून रुग्णाचे रक्तजल त्याला रोखते का, हे पाहावे लागते. त्याला काही दिवस लागतात आणि कुशल माणसे लागतात. शहरातल्या दवाखान्यात वीस मिनिटांत निकाल देणारी जी पट्टी आपण भरवशाने पाहतो, तिच्यावरील ‘पॉझिटिव्ह’ला सरकारी व्याख्येनुसार केवळ ‘संभाव्य डेंगी’चा दर्जा आहे, पुष्टीसाठी एलायझा हवीच.

विषाणू वाढविण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत ‘सी-६/३६’ नावाच्या डासाच्या पेशी वापरतात. त्यांचे मूळ पुण्यात आहे. १९६७ मध्ये के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशींचे संवर्धन तयार केले आणि जपानी शास्त्रज्ञ अकिरा इगाराशी यांनी १९७८ मध्ये त्यातूनच ही शाखा निवडून काढली. पुणेकरांना आपल्या गावच्या किती तरी गोष्टींचा अभिमान असतो. ही गोष्ट मात्र त्यांच्या यादीत सहसा नसते.

औषधच नाही, तर नाव कळून उपयोग काय, असे काही डॉक्टरही विचारतात. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडू लागली. पीतज्वर भारतात शिरला की काय, ही पहिली धास्ती होती. कारण तोही माकडांना मारतो. पाच वर्षांच्या पुण्याच्या केंद्राने विषाणू वेगळा केला, तेव्हा तो रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला. म्हणजे वाहक डास नव्हता, गोचीड होती. या एका ओळखीने उपायांची दिशाच बदलली, कारण डासांसाठी कितीही धूर सोडला, तरी जंगलातल्या गोचिडीला त्याचे काय? या ओळखीची किंमतही मोजावी लागली. विषाणू हाताळताना प्रयोगशाळेतील काही कर्मचाऱ्यांनाच त्याची लागण झाली.

हाच माकडताप पुढे गोव्यातील सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये आढळला. त्याचा हंगाम काजूच्या हंगामाशी जुळतो. बागेत पाचोळ्यात वावरणारा मजूर हाच त्याचा पहिला बळी. २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळ क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा भारतातील पहिला उद्रेक पुण्यानेच ओळखला. पण तोवर रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टर आणि परिचारिकेलाही लागण होऊन त्यांनी प्राण गमावले होते. पहिल्याच दिवशी कोणाला संशय आला असता तर? अशा विषाणूंसाठी सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला २०१२ मध्ये सुरू झाली.

पण सारे काही पुण्यानेच करायचे का? करोनाकाळात जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआर यंत्रे आली. यंत्र तेच असते. माकडतापासाठी वेगळी रसायने, नमुना आधी निष्क्रिय करण्याची सुरक्षित सोय आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ एवढेच वाढवावे लागते. दोडामार्गपासून पुणे सुमारे चारशे किलोमीटर. बर्फात ठेवलेला नमुना एवढा प्रवास करणार, मग रांगेत लागणार, मग अहवाल परतणार. तोवर मजूर पुन्हा त्याच बागेत गेलेला असतो.

नमुना केवळ माणसाचाच नसतो, हेही विसरले जाते. जमिनीवरून पांढरे कापड ओढून त्याला चिकटलेल्या गोचिडी गोळा करायच्या, जातीनुसार वेगळ्या करायच्या, गटागटाने वाटून तपासायच्या. मेलेल्या माकडाची खबर लगेच मिळवून, ते कुजण्याआधी नमुना घ्यायचा. विषाणू गावात शिरण्याआधी त्याचा माग लागतो तो इथेच. हे काम उन्हात, वाकून, तासन् तास करणारा कीटकशास्त्रज्ञ यंत्रासारखा निविदा काढून विकत घेता येत नाही, आणि नव्या प्रयोगशाळेची फीत कापली जाते तेव्हा त्याची पदे भरली आहेत की नाहीत, हे सहसा कोणी विचारत नाही.