अल्सरचा जंतू आणि नळाचं पाणी

पोटात आग पडली की आपल्याकडे दोष ठरलेला असतो: तिखट, जागरण, काळजी. पित्ताची गोळी येते आणि विषय मिटतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी अल्सरमागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू दाखवून दिला, त्याला चाळीस वर्षं उलटली. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन दुखणं ओढवून घेतलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. याच जिवाणूमुळे जठराचा कर्करोगही होतो.

मात्र तो पोटात येतो कुठून, हे आपण विचारतच नाही. लागण बहुधा लहानपणीच होते आणि औषध घेतलं नाही तर जन्मभर टिकते. बरीचशी घरातल्या घरातच, आईकडून मुलाला. पण पेरूची राजधानी लिमा इथल्या मुलांची एक पाहणी १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, ती अस्वस्थ करणारी आहे. सधन घरांतल्या ज्या मुलांच्या घरी शहराच्या नळाचं पाणी येत होतं, त्यांच्यात लागणीची शक्यता विहिरीचं पाणी पिणाऱ्या सधन मुलांच्या बारापट होती. घरात पैसा होता, पण पाणी सगळ्या शहराचंच होतं. पुढे तिथल्या पिण्याच्या पाण्यात या जिवाणूचा डीएनएही सापडला.

डीएनए सापडला म्हणजे जिवंत जंतू सापडला असं नव्हे, हे मान्य. पण पाण्यात पडल्यावर हा जिवाणू मळसूत्री आकार सोडून गोल होतो आणि प्रयोगशाळेत वाढवू म्हटलं तरी वाढत नाही; म्हणजे जिवंत असला तरी हाती लागत नाही. मोकळ्या पाण्यात क्लोरीन त्याला मारतं. पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात मात्र ते नीट पोचत नाही. आपली नेहमीची तपासणी कोलिफॉर्म, म्हणजे मैलपाण्याची खूण मानल्या जाणाऱ्या जंतूंची. तिला हा दिसतच नाही. पुरावा अपुरा आहे म्हणून पाण्याला निर्दोष ठरवणं मला पटत नाही.

घाण पाइपात शिरायला वाटही आहे: आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळेला येतं. ते बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि जिथे गळती आहे तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं. कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी काही दिवसांनी एकदा येणारं आणि चोवीस तास येणारं पाणी तपासलं, तेव्हा खंडित पुरवठ्यात घाण जास्त निघाली, त्यातही पाणी सुटल्यावरच्या पहिल्या धारेत. चाळीतल्या बायका ते पहिलं पाणी मोरीत सोडून देतात ते उगाच नाही.

जलशुद्धीकरण केंद्रातला नमुना स्वच्छ निघाला, हे महापालिकेचं उत्तर म्हणूनच पुरेसं नाही. नमुना वस्तीतल्या शेवटच्या नळाचा, पाणी सुटतानाचा घ्या. निकाल प्रभागवार जाहीर करा. आणि रस्ते खोदाल तेव्हा गटारातून गेलेले नळ आधी बाहेर काढा.