मान झुकते, दोष कुणाचा?

दोस्तांनो, पोलादपूरहून एक पत्र आलंय. लिहिणारी मैत्रीण नववीत आहे. मुंबईला नोकरी करणाऱ्या मामाने आपली जुनी बास गिटार तिला दिली. गणपतीत महाडच्या मुलामुलींच्या ऑर्केस्ट्रात ती वाजवायची आहे. बसून वाजवते तेव्हा सगळं झकास. पण पट्टा खांद्यावर घेऊन उभी राहिली, की गिटारची मान हळूहळू जमिनीकडे निघते. मग डाव्या हाताने मान उचलूनही धरायची आणि त्याच हाताने ताराही दाबायच्या! अर्ध्या तासात मनगट भरून येतं, खांदा दुखायला लागतो.

ऑर्केस्ट्रातले दादा म्हणतात, सवय होईल. दुकानदार म्हणतो, नवी घ्या. आई म्हणते, दुखतंय तर सोडून दे. आणि तिला स्वतःला वाटायला लागलंय, की हे आपल्याला जमण्यासारखंच नाही.

थांबा! नवी गिटारही घ्यायची नाही आणि वाजवणंही सोडायचं नाही. सवय तर मुळीच करून घ्यायची नाही. आधी दोष हाताचा की वाद्याचा, ते तपासायचं. तुमच्या घरी बास गिटार नसली तरी वाचायचं थांबू नका. आजचा धडा तुमच्या स्वयंपाकघरातूनच सुरू होतो.

आईला विचारून एक लांब दांड्याची पळी घ्या. दोन्ही हातांच्या तर्जन्या समोर आडव्या धरा आणि पळीची दोन टोकं त्यांच्यावर टेकवा. आता दोन्ही बोटं सावकाश एकमेकांकडे सरकवा. गंमत पाहा! कधी हे बोट सरकतं, कधी ते. शेवटी दोन्ही एका जागी भेटतात आणि पळी पडत नाही. ही जागा म्हणजे पळीचा गुरुत्वमध्य. सगळं वजन जणू याच एका ठिकाणी गोळा झालंय, असं समजायला हरकत नाही.

ही जागा दांड्याच्या मधोमध आली का? नाही. ती वाटीकडे सरकलेली आहे. आता सांगा, नेमकी या जागी पळी कापली तर दोन्ही तुकडे सारख्याच वजनाचे होतील का?

बहुतेक जण 'हो' म्हणतील. पण उत्तर आहे 'नाही'. वाटीकडचा तुकडा जड भरेल. कारण तोल नुसत्या वजनावर ठरत नाही. वजन आणि टेकूपासूनचं अंतर, या दोघांच्या गुणाकारावर ठरतो. जवळचं जड आणि लांबचं हलकं यांची बरोबरी होते. बागेतल्या सी-सॉवर बाबा मध्याजवळ बसले, की टोकाला बसलेला छोटू त्यांना उचलतो ना, तसंच हे.

आता हाच नियम बास गिटारला लावू. ही नेहमीच्या गिटारपेक्षा लांब असते, तारा बहुधा चारच, पण जाड, आणि आवाज खर्जातला. हिचे तीन भाग करा. एक धड, दुसरी लांबलचक मान, तिसरं मानेच्या टोकाचं डोकं. डोक्यावर तारा पिळायच्या चार खुंट्या असतात. जाड तारांसाठी त्या दणकट लोखंडी असतात. जुन्या पद्धतीची एकेक खुंटी साधारण १०० ग्रॅमची. म्हणजे जवळजवळ अर्धा किलो वजन अगदी टोकाला! लांबचं वजन किती ओढ लावतं, ते तुम्ही आत्ताच पाहिलंत.

गिटारचा पट्टा दोन गुंड्यांना अडकवतात. एक धडाच्या मागच्या टोकाला, दुसरी पुढे, मानेच्या बाजूला. गिटारचा गुरुत्वमध्य या दोन गुंड्यांच्या मध्ये नीट आत असला, तर गिटार निवांत लटकते. तो पुढच्या गुंडीच्या अगदी जवळ असला, तर मान झुकू पाहते. आणि पुढच्या गुंडीच्याही पलीकडे, मानेकडे गेला, तर हात सोडताच मान खालीच जाणार. इंग्रजीत याला 'नेक डाइव्ह' म्हणतात. म्हणजे मानेने मारलेली बुडी!

हे दुखणं बास गिटारच्या जन्मापासूनचं आहे. पूर्वीचा बास म्हणजे माणसाहून उंच, व्हायोलिनच्या घराण्यातलं वाद्य. तो जमिनीवर उभा टेकवून वाजवत. त्यामुळे मान झुकायचा प्रश्नच नव्हता. १९५१ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' ही विजेवर चालणारी, खांद्याला अडकवायची बास गिटार बाजारात आणली. उभं वाद्य आडवं झालं आणि लांब मानेचा प्रश्न आला. त्यांनी धडाचं वरचं शिंग मानेच्या बाजूला लांबवलं आणि पुढची गुंडी त्या शिंगाच्या टोकाला बसवली. ते शिंग शोभेचं नव्हे बरं का, ते तोलासाठी आहे!

१९६३ मध्ये गिब्सन कंपनीची 'थंडरबर्ड' आली. दिसायला मोठी देखणी, पण असं लांब शिंग तिला नव्हतं. मान झुकण्याबद्दल ती आजही वादकांत प्रसिद्ध आहे. पुढे १९८०च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर या कल्पक माणसाने सरळ डोकंच काढून टाकलं आणि तारा पिळायची सोय धडाच्या मागच्या टोकाला नेली. डोकंच नाही, तर झुकणार काय?

म्हणजे मोठमोठ्या कारागिरांनाही हा प्रश्न सोडवावा लागला. मग नववीतल्या मुलीने 'मला जमत नाही' असं का म्हणायचं?

आता आपण दुरुस्तीला लागू.

पहिली पायरी तपासणीची. टॉवेलची घट्ट वळकटी करून पलंगावर ठेवा. तिच्यावर गिटार आडवी ठेवून मागेपुढे सरकवा. जिथे ती तोलून राहील, तिथे धडाच्या कडेला रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा. हा गुरुत्वमध्य. आता पुढच्या गुंडीपासून तो कुठे आहे, ते फूटपट्टीने मोजा आणि वहीत लिहा. आकडा लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग कुणाला तरी शेजारी उभं करून पट्टा घाला आणि डावा हात मानेखाली थोडा दूर धरा. मान किती भरभर जाते, ते पाहा. शेजारी माणूस हवाच, नाहीतर गिटार दारावर आपटेल.

दुसरी पायरी बिनखर्चाची. पट्टा थोडा आखूड करा आणि मान आडवी न धरता वर, तिरकी धरा. यानं काय होतं? महाडकरांना हे सांगायला नको. महाशिवरात्रीच्या सुमारास वीरेश्वराच्या छबिन्याला सासनकाठ्या नाचताना तुम्ही पाहिल्या असतील. एवढी उंच काठी, पण सरळ उभी असते तोवर तिचा भार थेट खाली हातावर येतो. जरा कलली, की ओढायला लागते, आणि जितकी आडवी होईल तितकी जास्त ओढते. काठीचं वजन तेवढंच असतं. वाढतं ते तिच्या गुरुत्वमध्याचं हातापासूनचं आडवं अंतर. गिटारचीही तीच गत. मान ४५ अंश वर धरली, तर हे आडवं अंतर जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतं. हरिनाम सप्ताहात वीणेकऱ्याकडे पाहा. वीणा खाली ठेवायची नसते, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहारा लांबतो, पण वीणा उभी असते, म्हणून तिची मान सांभाळत बसावं लागत नाही.

तिसरी पायरी पट्ट्याची. नायलॉनचा गुळगुळीत अरुंद पट्टा खांद्यावरून सरकतो. त्याऐवजी सात-आठ सेंटिमीटर रुंद पट्टा घ्या. तो कॅनव्हासचा किंवा आतून खरबरीत चामड्याचा असावा. चपला-बॅगा शिवणारे कारागीर मापाने शिवून देतात. खरबरीत बाजू खांद्याकडे यायला हवी. घर्षणामुळे पट्टा जागचा हलत नाही आणि मान थांबते. पण एक लक्षात ठेवा, इथे ओढ गेलेली नसते, ती फक्त अडवलेली असते. थोडा दोष असेल तर एवढ्यानं भागतं. मोठा असेल तर पट्टा शर्टाची कॉलरच ओढायला लागतो.

चौथी पायरी वजनाची. इथे पळीचं गणित कामाला येतं. समजा, पुढच्या गुंडीपासून खुंट्या ६० सेंटिमीटरवर आहेत आणि मागची गुंडी ४० सेंटिमीटरवर. चार जड खुंट्या काढून हलक्या बसवल्या आणि डोक्यावरचं १८० ग्रॅम वजन कमी झालं. १८० गुणिले ६० म्हणजे १०,८००. तेवढाच परिणाम मागे वजन लावून हवा असेल तर किती लावावं लागेल? १०,८०० भागिले ४०, म्हणजे २७० ग्रॅम! डोक्यावरचं वजन घटवलं तर गिटार हलकी होते, शेपटीला वाढवलं तर जड होते. तोल दोन्हीकडे तोच साधतो. पण खांद्याला काय बरं वाटेल, ते तुम्हीच सांगा.

तरी प्रयोग वजनानेच सुरू करा, कारण त्यात गिटारला धक्का लागत नाही. जुन्या रुमालाच्या पुरचुंडीत लोखंडी नटबोल्ट घ्या आणि ती पट्ट्याच्या मागच्या टोकाला, गुंडीजवळ बांधा. मान थांबेपर्यंत एकेक नट वाढवा. मग ती पुरचुंडी वाण्याच्या काट्यावर तोला. आता तुमच्या गिटारचा दोष तुम्हाला ग्रॅममध्ये कळला! शे-दीडशे ग्रॅमवर भागत असेल, तर पट्ट्याला तिथेच छोटा खिसा शिवून टाका. काम झालं. अर्धा किलो लागत असेल, तर मात्र तो बोजा खांद्यावर घेऊ नका, पुढच्या पायरीवर चला.

आणि हो, सावित्रीच्या काठी राहणाऱ्यांना मासे धरायच्या जाळ्याची शिशाची वजनं सहज मिळतात. लहान आणि जड, म्हणून मोह होईल. ती वापरू नका. शिसं विषारी असतं. हाताला लागलेलं शिसं तोंडावाटे पोटात जातं, आणि मुलांना त्याचा अपाय मोठ्यांपेक्षा जास्त होतो. लोखंड बरं.

पाचवी पायरी हलक्या खुंट्यांची. त्या जुन्यांच्या निम्म्या वजनाच्या आसपास मिळतात. किंमत मात्र विचारून घ्या. जुन्या खुंटीच्या भोकाचा व्यास आणि स्क्रूंमधलं अंतर मोजून न्या, नाहीतर डोक्याला नवी भोकं पाडावी लागतील. तारा आधी सैल करा, मगच खुंटीला हात लावा. ताणलेली तार सुटली तर डोळ्याला इजा होते.

सहावी पायरी सगळ्यात शेवटी, कारण ती लाकडाला भोक पाडते. पुढची गुंडी मानेच्या सांध्यामागे असेल आणि शिंगाच्या टोकाला पुरेसं लाकूड असेल, तर ती टोकाला हलवता येते. टेकू जितका डोक्याकडे सरकेल, तितकी डोक्याची ओढ कमी आणि धडाची जास्त. चार-पाच सेंटिमीटरनेही फरक पडतो. भोक स्क्रूपेक्षा बारीक पाडायचं, म्हणजे लाकूड चिरत नाही आणि स्क्रू घट्ट बसतो. जुन्या भोकात फेविकॉल लावलेली लाकडी काडी ठोकून ते बुजवायचं. हे काम जाणत्या सुताराकडून, घरच्या मोठ्यांसमोरच करून घ्या.

प्रत्येक पायरीनंतर पुन्हा वळकटीवर गिटार ठेवा आणि आकडा वहीत लिहा. पट्टा आणि धरण्याची पद्धत बदलून गुरुत्वमध्य हलणार नाही. तिथे उभं राहून झुकणं किती कमी झालं, ते लिहा. वजन आणि खुंट्या बदलल्या, की चिकटपट्टीची जागा धडाकडे सरकलेली दिसेल. गुंडी हलवली, तर गुरुत्वमध्य तिथेच राहील, पण गुंडीपासूनचं अंतर बदलेल. असं का होतं, ते स्वतःशीच सांगून पाहा.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. मूल वाद्य सोडतो म्हणालं, तर आधी ते उभं राहून वाजवताना नीट पाहा. डावा हात सूर शोधतोय, की ओझं उचलतोय? हाताला ही दोन कामं एकदम दिली, की दोन्ही बिघडतात, आणि मूल समजतं की आपल्यातच काही कमी आहे. तोल सुधारल्यावरही दुखत राहिलं किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि बाकीच्या दोस्तांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा उद्योग. शाळेचं दप्तर भरा, पण जाड पुस्तकं एकदा पाठीलगत ठेवा आणि एकदा पाठीपासून लांब, बाहेरच्या कप्प्यात. दोन्ही वेळा पाठीवर घेऊन घरातून अंगणापर्यंत चालून या. वजन तेच, पुस्तकं तीच. खांद्याला फरक जाणवतो का? का जाणवतो? पळी आठवा, सासनकाठी आठवा आणि उत्तर लिहून पाठवा. नुसतं 'हो' किंवा 'नाही' चालणार नाही, सेंटिमीटर हवेत!