सामानाची यादी द्या हो!



बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. कारण आमच्या वाचनालयाचा कॉम्प्युटर. (पुण्याच्या मंडळींनी ही कहाणी फोनवर अर्धी ऐकली आहे, उरलेली अर्धी आता वाचा.)

आमच्या सुप्याच्या एमआयडीसीत ट्रकमधून एखादं मशीन उतरतं तेव्हा चलनाबरोबर पॅकिंग लिस्ट असते. बोल्ट किती, वायसर किती, पट्टा कुठल्या मापाचा. शेतकऱ्याला मोटार विकणारा दुकानदारसुद्धा विचारतो, "स्टार्टर आहे का? फूटव्हॉल्व्ह आहे का?" मग सॉफ्टवेअर विकणाऱ्यालाच ही रीत का लागू नसावी?

झालं असं. काही वर्षांपूर्वी वाचनालयाने एका पुरवठादाराकडून पुस्तक-नोंदणीचं सॉफ्टवेअर घेतलं. ते ब्राउझरमध्ये उघडतं, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवर मागे एक छोटा वेब सर्व्हर चालू असतो. अपाची, पीएचपी, मायएसक्यूएल अशी मंडळी तिथे राबतात. बसवायला आलेल्या मुलाने पेनड्राइव्हवरून एक अख्खा फोल्डर ओतला, चहा घेतला आणि गेला. आम्ही खूश. दुपारी दुपारी बसून पुस्तकांच्या नोंदी टंकत राहिलो.

यंदा हार्ड डिस्क गेली. बॅकअप होता (मास्तरकीची सवय, दर शनिवारी घ्यायचो). सीडीही कपाटात होती. पण सीडीत निघाला फक्त त्यांचा प्रोग्राम आणि एक ओळ: पीएचपी व मायएसक्यूएल आवश्यक. कुठलं पीएचपी? कितवी आवृत्ती? गप्प. फोन केला तर उत्तर, "सर, नेटवरून लेटेस्ट टाका."

टाकलं. पडद्यावर इंग्रजीत तक्रार, की मायएसक्यूएल_कनेक्ट नावाचं फंक्शनच ठाऊक नाही. पुतण्या रविवारी आला तेव्हा उलगडा झाला. हा प्रोग्राम ज्या जुन्या फंक्शनांवर उभा होता ती पीएचपी ७ मधून, म्हणजे २०१५ च्या डिसेंबरातच, काढून टाकलेली. आम्हाला लेटेस्ट टाकायला सांगणाऱ्याला आपलं स्वतःचं घर कुठल्या खांबावर उभं आहे हेही माहीत नव्हतं!

पुढची गंमत अजून. बॅकअप चढवला तर मराठी नावांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं. जुन्या मायएसक्यूएलचा मूळ लिपिसंच लॅटिन होता, २०१८ च्या ८.० आवृत्तीत तो बदलून युनिकोड झाला. आमच्या प्रोग्रामने मराठी अक्षरं लॅटिन म्हणून ठेवली होती आणि लॅटिन म्हणूनच वाचली होती. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं इतकंच. एक बदलली आणि सहा वर्षांच्या नोंदींचं कडबोळं झालं. कागदी दाखल नोंदवही होती म्हणून मी रात्री झोपलो तरी.

पुतण्याशी वाद झाला तो इथे. तो म्हणतो, "काका, सगळं एकत्र बांधून द्यावं तर त्यातली लायब्ररी जुनी होते आणि भोक पडतं. २०१४ साली ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड सापडलं, २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजेची बोंब झाली. ज्यांनी स्वतःची प्रत आत कोंबून दिली होती त्यांची गिऱ्हाइकं शोधत बसली." खरं आहे. वऱ्हाडाचंच उदाहरण घ्या: एकाला बोलवावं, तो मेहुण्याला आणतो, मेहुणा आणखी दोघांना. पण म्हणून घरमालकाने वऱ्हाड मोजायचंच नाही? लॉगफोरजेच्या वेळी लोकांची खरी अडचण हीच होती, की आपण विकत घेतलेल्या डब्यात ते आहे की नाही हेच कळेना. अमेरिकेच्या सरकारने त्याआधीच, मे २०२१ मध्ये, आपल्या पुरवठादारांकडून अशी घटकांची यादी मागायचा आदेश काढला होता. मी काही जगावेगळं मागत नाही.

आणि फुकट देणारे देतात की! कोहा नावाचं वाचनालयांचं सॉफ्टवेअर आहे, १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या वाचनालयासाठी लिहिलेलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्यालाही अपाची लागतं, डेटाबेस लागतो, पर्लचे ढीगभर तुकडे लागतात. पण डेबियनवर एक पॅकेज मागा, कोण कोण हवं ते त्यात लिहिलेलं असतं आणि यंत्र स्वतः गोळा करतं. पुढे कुठे भोक सापडलं तर त्या तुकड्याची दुरुस्ती डेबियनवाले पाठवतात. आम्ही पैसे मोजून जे घेतलं त्यात एवढीही तसदी नाही.

"मग क्लाउडवर टाका," असंही पुरवठादार म्हणाला. टाकतो. लाइट गेली की नेट जातं, आणि भाडं थकलं की नोंदी त्याच्या ताब्यात. नको.

तूर्त पुतण्याने पीएचपी ५.६ शोधून बसवलं, लिपीचा गुंता सोडवला, मराठी नावं परत आली. पण ५.६ ची दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१८ लाच बंद झालेली आहे, म्हणून त्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढून खुंटीला टांगून ठेवली आहे. आणि गेल्या आठवड्यात वार्षिक देखभालीचं बिल आलं! कार्यकारिणीच्या बैठकीत मी ते मंजूर होऊ दिलं नाही. बिलाच्या पाठीमागेच लिहिलं: कोणत्या आवृत्तीवर काय चालतं याची यादी, नव्या यंत्रावर बसवण्याच्या पायऱ्या आणि त्यातलं काही बंद पडल्यास कोण बदलून देणार त्याचं नाव. हे तिन्ही आलं की चेक निघेल. उत्तर अजून नाही.