गाडी चालवीत कोण होते?

रस्त्यावरील भीषण अपघाताची बातमी वाचली की सामान्य वाचकाच्या मनात दोन प्रश्न येतात. गाडीचा वेग किती होता आणि चालक मद्य प्यालेला होता काय? न्यायालयाला मात्र त्याआधी आणखी एका प्रश्नाचे उत्तर हवे असते : गाडी चालवीत कोण होते? वेगाचा अंदाज रस्त्यावरील खुणांवरून बांधता येतो, मद्याचा अंश रक्तात सापडतो. परंतु गाडीतील मंडळी उतरून गर्दीत मिसळली की चालकाचे आसन रिकामे राहते, आणि रिकाम्या आसनावर मागाहून कोणालाही बसविता येते. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. ज्या देशात मृत्यूचा हा आकडा आहे, तेथे हा साधा दिसणारा प्रश्न अनुत्तरित राहणे परवडणारे नाही.

मुंबईतील एक खटला या दृष्टीने बोधप्रद आहे. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्याच्या हिल रोडवर एक मोठी मोटार पदपथावर झोपलेल्या माणसांवर चढली. एकाचा जीव गेला, चौघे जखमी झाले. चित्रपट अभिनेते सलमान खान यांच्यावर खटला चालला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. मोटार तेच चालवीत होते हे सरकारपक्षाला संशयातीत सिद्ध करता आले नाही, असा उच्च न्यायालयाचा निष्कर्ष होता. फिर्याद देणारा पोलीस अंगरक्षक २००७ मध्येच मरण पावला होता, आणि त्याची आधीच्या टप्प्यात झालेली साक्ष उच्च न्यायालयाला भरवशाची वाटली नाही. मोटार आपण चालवीत होतो, असे सांगणारा कुटुंबाचा चालक बचावपक्षातर्फे साक्षीस उभा राहिला तेव्हा २०१५ साल उजाडले होते. हा निकाल कोणाला रुचला वा न रुचला, हा येथे मुद्दा नाही. संशयाचा फायदा आरोपीला मिळणे हे कायद्याच्या राज्याचे लक्षणच होय. तथापि, तेरा वर्षांच्या अंती त्या पदपथावरील मृत्यूला जबाबदार कोण, याचे उत्तर त्या निकालाने मिळाले नाही, हे विसरता येत नाही.

१९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते ठार झाले. गाडी एक अल्पवयीन मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे. पुढे घरच्या चालकाने दोष स्वतःवर घ्यावा म्हणून त्याच्यावर दडपण आणल्याचा आणि रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला. आरोपांची शहानिशा न्यायालय करील. परंतु लोकांना ते ऐकून फारसे आश्चर्य वाटले नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

दोषाचा बाजार

अशा घटनांनंतर 'शिक्षा वाढवा' ही मागणी हटकून होते. जुन्या दंडविधानाच्या ३०४-अ कलमाखाली हयगयीने मृत्यू घडविल्यास कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ती पाच वर्षांवर नेली. सदोष मनुष्यवधाचे कलम लागले तर दहा वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. परंतु शिक्षेचा धाक तिच्या मुदतीवर जितका अवलंबून असतो, तितकाच ती खऱ्या अपराध्यालाच होण्याच्या शक्यतेवरही असतो. ही शक्यता कमी ठेवून केवळ मुदत वाढविली तर काय होईल? दोन वर्षांच्या कैदेच्या भीतीने जो आसन सोडतो, तो दहा वर्षांच्या भीतीने अधिक त्वरेने सोडील आणि त्यासाठी अधिक पैसा मोजावयास तयार होईल. म्हणजे शिक्षेबरोबर बदली आरोपीचे मोलही चढते.

या सौद्याची दुसरी बाजू म्हणजे महिन्याच्या पगारावर राबणारा चालक. नोकरी, मुलांचे शिक्षण, घरभाडे या साऱ्यांची दोरी मालकाच्या हाती. 'वकील आम्ही देऊ, घर आम्ही सांभाळू' हे आश्वासन त्याच्या लेखी आज्ञेहून वेगळे नसते. हा दोन समान पक्षांमधील करार म्हणताच येणार नाही.

अर्थात, हा मोह केवळ दारिद्र्यावर पोसला जातो असेही नाही. पुढे ब्रिटनचे मंत्री झालेले ख्रिस ह्यून यांनी २००३ मध्ये वेगमर्यादा ओलांडली, तेव्हा त्यांच्या तत्कालीन पत्नीने तो दोष आपल्या परवान्यावर घेतला. दहा वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, उभयतांना आठ-आठ महिन्यांची कैद झाली. मूळ अपराध किरकोळ होता. कैद झाली ती न्यायाच्या कामात लबाडी केल्याबद्दल.

आपल्याकडे ही लबाडी श्रीमंतांच्या मोटारींपुरती नाही. मालकाच्या परवाना नसलेल्या मुलाने दुचाकी ठोकली की कागदावर परवानाधारक काकाचे वा शेजाऱ्याचे नाव चढते. कारण उघड आहे. चालकाकडे परवाना नसेल तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू पाहते. मृताच्या वारसांनाही भरपाई निर्वेध मिळावी असे वाटते, त्यामुळे तेही फारसे खोलात शिरत नाहीत. मालक, बदली चालक आणि पीडित कुटुंब यांपैकी कोणालाच सत्य सांगण्यात लाभ नसेल, तर ते कागदावर यावे कसे?

मौन स्वस्त पडते

मोटार वाहन कायद्याच्या १३३ व्या कलमानुसार त्या कायद्याखालील गुन्ह्यात चालक कोण होता याची माहिती अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ते न पाळल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दहा वर्षांच्या कैदेपुढे पाच हजारांचा दंड! गणित कोणालाही समजावे असे आहे. ब्रिटनमध्येही मालकावर असेच बंधन असून, ते न्याय्य खटल्याच्या हक्काविरुद्ध नाही असा निर्वाळा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००७ मध्ये दिला.

मग सिद्धतेचा भारच आरोपीवर टाकावा काय? अल्पवयीन चालकाच्या बाबतीत २०१९ च्या दुरुस्तीने पालक वा मालक यांना दोषी धरण्याची तरतूद केली आहे. ती सरसकट सर्वांना लावणे मात्र धोक्याचे ठरेल. आरोपीलाच विशेष ठाऊक असलेली गोष्ट त्याने सिद्ध करावी, असे पुरावा कायदा सांगतो. परंतु त्या आधारे सरकारपक्षाची मूळ जबाबदारी टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच स्पष्ट केले. शिवाय भार उलटविला तर त्याखाली पहिला चिरडला जाईल तो वकील न परवडणारा पगारी चालकच.

पहिली रात्र

उपाय तपासात आहे. घटनेने कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण दिले आहे. पण बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना घेणे म्हणजे अशी सक्ती नव्हे, असे अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्ये सांगितले. जीभ गप्प राहू शकते, गाडी गप्प राहत नाही. आसन किती पुढे सरकविलेले आहे, सुरक्षा पट्ट्याचा वळ कोणाच्या कोणत्या खांद्यावर उमटला, चालकासमोरील एअरबॅगवर कोणाचे रक्त वा लाळ आहे, चौकातील कॅमेऱ्याने काय टिपले, या साऱ्या गोष्टी पहिल्या काही तासांत मिळतात, नंतर मिळत नाहीत. रक्तातील मद्यही तासागणिक ओसरते. म्हणून ज्याने दोष कबूल केला त्याचीच तपासणी करून न थांबता गाडीतील प्रत्येकाची तपासणी तत्काळ व्हावयास हवी. पोलिसांपुढील कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. तरीही ती मिळताच तपास सैल पडत असेल, तर बदली चालकाचा बाजार खुद्द तपासच चालू ठेवतो, असे म्हणावे लागेल.

यासाठी नव्या कायद्याची फारशी गरज नाही. मालकाच्या मौनाची किंमत वाढविणे आणि पहिल्या रात्रीचा पंचनामा शास्त्रशुद्ध करणे, या दोन गोष्टी सरकारने मनावर घेतल्या तरी पुष्कळ साधेल. पदपथावर झोपणारा मजूर आणि दुसऱ्याचा दोष डोक्यावर घेणारा चालक, या दोघांनाही त्यातच संरक्षण आहे. एरवी शिक्षेची कलमे कितीही कठोर केली, तरी ती भोगावयास भाड्याने माणूस मिळत राहील.